कंडम हवालदाराचा खडू

आष्ट्याच्या पंचक्रोशीत आकाराम हवालदाराला लोक कंडम हवालदार म्हणत. नाव ठेवणाऱ्यांना वाटे आपण टिंगल केली, आणि हवालदाराला वाटे आपल्याला पदवी मिळाली. त्यामुळं दोन्हीकडचं समाधान होऊन ते नाव टिकलं.

फौजेत त्यानं अठरा वर्षं गाड्या आणि इंजिनं दुरुस्त केली होती. तिथली एक रीत त्याच्या अंगात भिनली होती. मोडकी वस्तू आली की ती आधी खोलायची, पुसायची, नीट बघायची आणि मगच तिच्यावर खडूनं खूण करायची. चालणारी असेल तर बरोबरची खूण, दुरुस्त होणारी असेल तर गोल, आणि कामातून गेली असेल तर फुली. फुली म्हणजे कंडम. एकदा मारलेली फुली ब्रह्मदेवानंसुद्धा पुसायची नाही. गावी परतताना तो ट्रंकेबरोबर ही रीतही घेऊन आला आणि सांगली रस्त्याच्या कडेला एका जुन्या चिंचेखाली त्यानं दुकान मांडलं.

दुकान म्हणजे तरी काय, चिंचच. खोडाला टेकवलेली हत्यारांची पेटी, गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं, आणि चिंचेच्या आडव्या फांदीला टांगलेली साखळीची कप्पी. त्या कप्पीच्या जोरावर हवालदार पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन एकटा उचलायचा. खोडाच्या पलीकडच्या अंगाला त्याची बायको रंगूबाई चहाची चूल पेटवून बसायची. जागा रस्त्याची, सावली झाडाची; नवराबायकोचं स्वतःचं असं तिथं कौशल्य सोडलं तर काही नव्हतं. चिंच गेली तर दुकान गेलं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

हवालदाराच्या खडूचा दरारा मोठा होता. एका सरपंचाच्या फटफटीच्या कार्ब्युरेटरवर त्यानं फुली मारली तेव्हा सरपंच रागारागानं तो कार्ब्युरेटर घेऊन कोल्हापूरला गेला, तिथून पुण्याला गेला आणि महिन्यानं त्याच फुलीसकट परत आला. तात्याबा नावाचा एक म्हातारा शेतकरी दिवसभर त्या बाकड्यावर बसून असे. त्यानं एकदा नातीला सांगून आलेला मुलगाच तपासायला आणला. हवालदारानं पोराला दोन प्रश्न विचारले, रस्त्यावरून चालून दाखवायला लावलं आणि तात्याबाच्या कानात सांगितलं, "गोल." लग्न झालं. पोरगा तसा बरा निघाला, पण दुरुस्ती अजून चालूच आहे, असं तात्याबा सांगायचा.

रंगूबाईची भाकरी करपली तर हवालदार तिच्यावरही बोटानं गोल काढायचा. मग दुसरी भाकरी मिळायची नाही. इतकं होऊनही खोड गेली नाही.

या माणसाला न तपासता मारलेल्या फुलीचा मात्र मनापासून संताप होता, आणि त्याला कारण होतं. पासष्टच्या लढाईत जवळच गोळा फुटून त्याचा डावा कान गेला. डॉक्टरांच्या बोर्डानं पाच मिनिटांत त्याला बाद ठरवून घरी धाडलं. ते कागद ट्रंकेच्या तळाशी होते. "कान तपासला माझा," तो सांगायचा, "हात कुणी बघितलंच न्हाईत." हे सांगताना तो हसायचा, पण ऐकणाऱ्यानं हसू नये असं ते हसणं असे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाल्यावर सांगलीचा रस्ता रुंद करायचं निघालं. रस्त्याचे साहेब जीपमधून आले. मध्ये येणाऱ्या झाडांवर शिपायानं चुन्याच्या फुल्या मारल्या, आणि तशीच एक ढोबळ फुली चिंचेवरही मारली. साहेब जीपमधून खालीसुद्धा उतरले नाहीत. त्या दिवशी हवालदार जेवला नाही.

झाडं तोडायचा ठेका सांगलीच्या कृष्णात ठेकेदाराला मिळाला. धिप्पाड गडी, बोलायला मोकळा आणि घाईत जन्मलेला. त्यानं कुऱ्हाडवाल्यांच्या तीन टोळ्या आणल्या. तिन्ही टोळ्यांनी चिंचेकडं पाहिलं, हात जोडले आणि पुढच्या बाभळींकडं वळल्या. चिंचेवर हडळ असते. जिनं अंगावर कुऱ्हाडीचा घाव घेतला ती हडळ घाव घालणाऱ्याच्या घरी राहायला जाते. एवढी साधी गोष्ट सांगलीच्या माणसाला सांगावी लागते, याचं टोळीवाल्यांना नवल वाटलं. हवालदारानं नऊ वर्षांत हडळ पाहिली नव्हती. तात्याबाचं म्हणणं, ती असणारच, पण रंगूबाईला भिऊन खाली येत नसेल.

कृष्णात हार मानणारा नव्हता. पुण्याजवळ लष्करी सामानाचा लिलाव होता, तिथून त्यानं पेट्रोलवर चालणारी करवत आणली. जर्मन बनावटीची, हातात धरायची, पुढं लांब पात्याभोवती दातांची साखळी फिरणारी. "हडळ लागती माणसाला आन् कुऱ्हाडीला," तो चौघांत म्हणाला. "इंजनाला कसली हडळ लागती?"

ही करवत चालवायला त्यानं सयाजी नावाचा गडी ठेवला. सयाजी आधी सांगलीच्या वखारीत लाकडं रचायचा. करवत हाताशी आल्यापासून तो छाती काढून चालायला लागला होता, आणि ते चुकीचंही नव्हतं; जिल्ह्यात असं मशीन चालवणारा दुसरा कोण होता? आल्या आल्या त्यानं दोन बाभळी आडव्या केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्यांदेखत टाकीत पेट्रोल भरलं, शेजारच्या झाकणातून तेलाचा डबा रिकामा केला आणि करवत चिंचेला लावली.

रंगूबाई चूल सोडून उभी राहिली. हवालदार पाठ फिरवून एका पंपाचा व्हॉल्व्ह घासत बसला. उजव्या कानावर करवतीचा आवाज येत होता आणि तो कान गेला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. साल उडाली, पिवळट भुसा उडाला, दोन बोटं पातं आत गेलं. मग आवाज एकाएकी चिरकला आणि करवत जागच्या जागी थांबली. सयाजीनं दोरी ओढली. दोरी हलेना.

तात्याबानं हळूच पायातल्या वहाणा काढल्या.

त्या करवतीत डोकं घालील असा माणूस पंचक्रोशीत एकच होता, आणि ज्या झाडाला ती करवत लागली होती त्याच झाडाखाली तो बसला होता. कृष्णातनं करवत आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. बोकडापुढंच सुरी धारेला टाकली, असं तात्याबा पुटपुटला, पण त्याला चांगलं मोठ्यानं पुटपुटता यायचं.

"हवालदार, ह्येचा निकाल तुमीच लावायचा," कृष्णात म्हणाला. "कंडम असंल तर कंडम म्हणा. म्या दुसरी आणीन, सा म्हैनं लागूंदेत. चांगली असंल तर चांगली म्हणा. तुमी खोटं बोलत न्हाई, येवढं मला ठावं हाय."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. ते ऐकून हवालदाराचे हात बांधले गेले.

कृष्णात आणि सयाजी सांगलीला गेले. हवालदारानं बाकड्यावर स्वच्छ फडकं अंथरलं आणि करवत खोलली. अशा करवती त्यानं आसामच्या जंगलात दुरुस्त केल्या होत्या. धुराचं नळकांडं काढून त्या भोकातून आत बॅटरी मारली, मग सिलिंडर वर ओढून काढला आणि पिस्टन उजेडात फिरवला. पिस्टनच्या एका अंगाला उभे ओरखडे होते आणि वरची रिंग खाचेत चिकटून बसली होती. त्यानं ओरखड्यांवरून आडवं नख फिरवलं. नख अडकलं.

नख अडकलं की अडाणी मिस्तरी फुली मारून मोकळा होतो. हवालदाराला आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाज वाटली. त्यानं सिलिंडरच्या आतून नख फिरवलं. तिथंही अडकलं.

"मारा की फुली," रंगूबाई म्हणाली. ती भाकरी घेऊन आली होती आणि नवऱ्याचं तोंड तिला कारखान्याच्या भोंग्यासारखं लांबून कळायचं.

"आगं, समदं बघितल्याबिगर कशी मारू?"

"रस्त्याच्या सायबानं बघून मारली व्हती व्हय आपल्या चिंचंवर?"

"न्हाई. म्हणून तर त्येला मी शिव्या देतो." हवालदारानं भाकरी मोडली. "आता त्येच म्या करायचं?"

"आवं, तुमचा खडू, तुमची फुली. कोण इचारतंय तुमाला?"

हवालदारानं डावा कान तिच्याकडं केला. नऊ वर्षांच्या संसारी अनुभवानं रंगूबाई उठून उजव्या बाजूला येऊन बसली.

"झाड ग्येलं की कप्पी कुठं टांगणार? माझ्या गळ्यात?" ती म्हणाली. मग ती उठून चुलीकडं गेली आणि नसलेला जाळ फुंकत बसली. हवालदार उरलेली भाकरी कुस्करत बसला. त्याला स्वतःची भीती वाटत होती. एक फुली मारायला कितीसा वेळ लागतो? आणि ती मारल्यावर उरलेल्या आयुष्यात खडू हातात धरवला असता का?

जेवण झाल्यावर तो पत्र्याचे डबे सांधणाऱ्याकडं गेला आणि बाटलीच्या बुचात मावेल एवढं ॲसिड घेऊन आला. सिलिंडरच्या आतल्या ओरखड्याकडं बघून त्याला मघाच एक शंका आली होती. नख अडकलं खरं, पण ते खड्ड्यात अडकलं की उंचवट्याला? अशा सिलिंडरच्या आत क्रोमचा कडक मुलामा असतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, मऊ. पिस्टन तापून फुगला की तो सिलिंडरला घासतो आणि स्वतःचंच कातडं त्याच्या अंगाला चिकटवून ठेवतो. बघणाऱ्याला वाटतं सिलिंडर फाटला.

त्यानं काडीला चिंधी गुंडाळली, ॲसिडमध्ये बुडवली आणि त्या डागावर अलगद टेकवली. डाग फसफसला. ॲसिड ॲल्युमिनियमला खातं. मुलाम्याला एवढ्यात काही होत नाही. त्यानं लगेच पुसलं, परत टेकवलं, परत पुसलं. फसफस थांबली तसा त्यानं सिलिंडर पाण्यानं खळखळून धुतला, कोरडा केला, तेलाचा हात दिला आणि नख फिरवलं. नख घसरत पार खालपर्यंत गेलं. मुलामा जसाच्या तसा होता.

असं काम साधलं की एरवी तो शीळ घालायचा. आज सिलिंडर मांडीवर घेऊन तो सुतकात बसल्यासारखा बसला.

पिस्टनवर आशा होती, तीही फार टिकली नाही. बारीक पॉलिशपेपरनं वर आलेले खरखरीत भाग घासल्यावर खाली उरले ते वरवरचे ओरखडे. चीर नाही, रिंगच्या खाचा शाबूत. घासलेटात भिजवून रिंग सोडवली, एकटी रिंग सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या तोंडातली फट मोजली. फट हवी तेवढीच होती. सगळं मशीन जणू त्याला चिडवायला धडधाकट राहिलं होतं.

मग राहिलं कारण. ओरखडे कुठल्या बाजूला आहेत यावरून मशीन स्वतःच आपली कहाणी सांगतं. आत कचरा गेला असता तर हवा आत येते त्या बाजूला घासलं असतं. हे घासलं होतं धूर बाहेर जातो त्या तापट बाजूला. म्हणजे वंगण नव्हतं. या इंजिनाला वेगळं वंगण नसतं, पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं. हवालदारानं टाकीतल्या पेट्रोलात दोन बोटं बुडवून चोळली. कोरडी ठाक. मग शेजारचं झाकण उघडलं. तिथं तेल काठोकाठ होतं. ती टाकी दातांच्या साखळीला तेल देणारी. सयाजीनं अख्खा डबा तिच्यात रिचवला होता आणि इंजिनाला एक थेंब मिळाला नव्हता. आधीच्या दोन बाभळी पडल्या त्या लिलावातून आलेल्या टाकीतल्या, तेल मिसळून तयार असलेल्या पेट्रोलावर.

दिवस मावळायच्या आत त्यानं करवत जोडली. आज खूण करायची नाही, उद्या सगळ्यांसमोर करायची, असं ठरवून त्यानं खडू खिशात टाकला.

सकाळी आठाच्या सुमारास चिंचेखाली बाजार भरल्यासारखी माणसं जमली. जो तो सहज म्हणून आला होता. कृष्णात सयाजीला घेऊन आला. सयाजीचा चेहरा उतरलेला होता; वाटेत त्याला काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते दिसतच होतं.

हवालदारानं खडू काढला. रंगूबाईनं तोंड फिरवलं. त्यानं सिलिंडरवर बरोबरची खूण केली, पिस्टन आतल्या बाजूला होता म्हणून त्याच्या नावानं आणखी एक खूण वरच केली आणि खडू परत खिशात टाकला.

"म्हंजी चांगली हाय?" कृष्णात म्हणाला. त्याला धक्काच बसला होता. माणूस आपल्याच घरावरून नांगर फिरवेल, असं त्याला मनातून वाटलं नव्हतं.

"चांगली हाय."

"सिलिंडर?"

"चालू."

"पिस्टन?"

"चालू. चार-पाच वर्सं बगायला नको."

"कशात म्हणून खोट न्हाई?"

"मशीनमदी खोट न्हाई," हवालदार म्हणाला. गर्दीतून एक सुस्कारा गेला. रंगूबाईनं चुलीतली लाकडं ओढून विझवायला सुरुवात केली.

मग बाकड्यावरून तात्याबा म्हणाला, "मग थांबलं का त्ये?"

"पेट्रोलात तेल नव्हतं."

"आवं, हवालदार," सयाजी कळवळून पुढं आला, "आईची आन घिऊन सांगतो, म्या तेल वतलंय. समद्यांदेखत वतलंय."

"म्या सोत्ता बगितलंय," तात्याबा म्हणाला. "आक्खा डबा वतला गड्यानं. कंजूसपना न्हाई क्येला."

"म्याबी बगितलं," दुसरा एक म्हणाला. तिसऱ्यानं मान डोलावली. रिकामा डबा समोर पडलेलाच होता.

हवालदाराच्या जिभेवर एक प्रश्न आला. कुठल्या झाकणातून ओतलं? एवढं विचारलं असतं की सगळा उलगडा झाला असता. कृष्णातनं तिथल्या तिथं सयाजीला हाकलला असता, दुसरा गडी बोलावला असता आणि दुपारपर्यंत चिंच आडवी झाली असती. हवालदारानं सयाजीकडं पाहिलं. वर कप्पीकडं पाहिलं. तोंड उघडलं.

"ऱ्हाऊंदे हवालदार, तेलाचं पुराण नगा लावू," कृष्णात घाईनं म्हणाला. "चार मानसं सांगत्यात तेल वतलं. वतलं म्हंजी वतलं. तेल हाय, मशीन तुमीच चांगलं म्हणताय, मग..."

तो मध्येच थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या स्वतःच्या कानावर तेवढ्यात पोचलं होतं. सगळी गर्दी हळूहळू माना वर करून चिंचेकडं बघायला लागली. वारा नव्हता, पान हललं नाही, काही नाही. पण त्या क्षणी वरची फांदी कुरकुरली, असं पुढं अकरा माणसांनी शपथेवर सांगितलं.

हवालदारानं तोंड मिटलं. फौजेत शिकवलेलं असतं, वरच्यानं गप्प राहा म्हटलं की गप्प राहायचं. इतकी वर्षं हा हुकूम त्याला जाचक वाटत आला होता.

"चालवून दावा," कृष्णात म्हणाला. आवाज चढा होता, पण आतून पोकळ.

हवालदारानं जुनं पेट्रोल काढून टाकलं. खोडाच्या आडोशाला जाऊन एका कपात नवं पेट्रोल घेतलं, त्यात मापानं तेल घातलं, हलवलं आणि परत येऊन टाकीत ओतलं. कप रंगूबाईचा, चहाचा होता. दुरुस्तीनंतरच्या चाचणीला टाकी भरायची नाही, घोटभरच घालायचं, हाही फौजेतला नियम. घोटभर पेट्रोल किती वेळ पुरतं, हे त्याला ठाऊक होतं. ते त्याला कुणी विचारलं नाही.

दोरी एकदा ओढली आणि करवत गर्जत सुटली. काय तो आवाज! हवालदारानं ती कमीजास्त करून दाखवली, कान लावून ऐकली, उजवीकडं कलती केली, डावीकडं कलती केली. त्याला एरवीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला. मग त्यानं ती सयाजीपुढं धरली. सयाजी दोन पावलं मागं सरला.

"मालक, बाभळी सांगा, निंब सांगा. हिला न्हाई लावायचा मी."

"बायलीचं भ्याड," असं म्हणून कृष्णातनं स्वतः करवत घेतली. गर्दीनं त्याला वाट करून दिली. जरा जास्तच रुंद दिली. तो खोडापाशी गेला, कालच्या चिरेत पातं टेकवलं. दात सालीला लागले, भुसा उडाला. आणि करवत दोनदा उचकी देऊन बंद पडली.

कृष्णातनं ती जमिनीवर ठेवली. फेकली नाही, ठेवली; अगदी अलगद, पाळण्यात मूल ठेवावं तशी. मग त्यानं टोपी काढली.

"हवालदार, मशीन चांगलं हाय म्हणालासा न्हवं?"

"चांगलं हाय."

"आता खोट न्हाई ना कसली?"

"न्हाई."

"मग ऱ्हाऊंदे," कृष्णात म्हणाला आणि चिंचेला नमस्कार केला. "आमची घाई हुती, बाई. चूकभूल द्यावी."

मशीन कंडम निघालं असतं तर त्यानं मशीनला शिव्या घातल्या असत्या आणि दुसरं आणलं असतं. मशीन चांगलं निघालं तिथंच त्याचा धीर सुटला. हवालदाराला हे आदल्या रात्री सुचलं होतं का, की तिथंच उभ्या उभ्या सुचलं, हे रंगूबाईनं त्याला पुढं कितीदा तरी विचारलं. दर वेळी त्यानं डावा कान पुढं केला.

गर्दी पांगल्यावर त्यानं सयाजीला बाजूला घेतलं आणि करवतीची दोन झाकणं दाखवली.

"ह्ये साखळीचं. ह्ये पेट्रोलचं. पेट्रोल पंचवीस मापं, तेल एक माप, दोनी एका डब्यात हलवून मग ह्येच्यात. ध्यानात ठेव, न्हाई तर परत चिकटंल."

सयाजी दोन्ही झाकणांकडं बघत राहिला. हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हंजी काल... आन् मगाशी कपात..." तो म्हणाला. "हवालदार, मग मगाशी सगळ्यांम्होरं का न्हाई सांगितलं?"

"तुझी नोकरी ग्येली आस्ती."

"आन् चिंच?"

"आँ?" हवालदार म्हणाला.

सयाजीनं ती गोष्ट पोटात ठेवली. ठेवली नसती तर त्याचंच हसं झालं असतं. पुढं त्या करवतीनं सांगली रस्त्याची बाकीची सगळी झाडं विनातक्रार कापली, आणि जसजशी ती कापत गेली तसतशी चिंचेची महती वाढत गेली. दीडशे झाडं कापणारं मशीन एका झाडापुढं दोनदा थांबतं, तेव्हा शहाण्यानं काय समजायचं ते समजावं. रस्त्याच्या साहेबांना कामाला माणूस मिळेना, तेव्हा त्यांनी कागदावर रस्ता दोन हात सरकवला. सांगलीकडं जाताना तिथं रस्त्यानं एक हलकं वळण घेतलं.

त्या दिवशी संध्याकाळी हवालदारानं चिंचेच्या चिरेत शेणमाती लिंपली. चुन्याची फुली ओल्या फडक्यानं पुसून काढली, आणि खिशातला खडू काढून तिथं बरोबरची खूण केली. नीट तपासून केली. खोड सगळीकडून ठोकून पाहिलं, कान लावला. मग तिथंच थोडा वेळ तळहात टेकून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले, आणि रंगूबाईनं ते पाहिलं, म्हणून त्यानं तिला चहा टाकायला सांगितलं.

गोष्ट इथं संपली असती तर हवालदार सुखी झाला असता. पण लगेचच्या अमावस्येला त्या खुणेवर कुणीतरी शेंदूर फासला. पुढच्या अमावस्येला नारळ फुटला. मग मोडकी मशीनं घेऊन येणारी माणसं आधी चिंचेच्या पाया पडून मग हवालदाराकडं यायला लागली. मशीन सुधारलं की चिंचेला पेढे, आणि हवालदाराला रामराम.

एकदा वाळव्याकडचा केरबा नावाचा शेतकरी पंपाचा पिस्टन घेऊन आला. हवालदारानं तो पुसला, बघितला, नख फिरवलं, उजेडात धरला. खालपर्यंत चीर गेली होती. त्यानं फुली मारली.

"कंडम. नवा आण."

केरबानं पिस्टन घेतला, पण घरी न जाता चिंचेपुढं ठेवला. खोडावरच्या शेंदराला पाणी लावून दोन बाजूंना दोन फुलं चिकटवली आणि हात जोडून कौल लावून बसला. हवालदार बघत राहिला. घटकाभरानं उजवं, होकाराचं फूल पडलं. केरबा लगबगीनं परत आला, धोतराच्या सोग्यानं फुली पुसली आणि पिस्टन बाकड्यावर ठेवला.

"हवालदार, रागावू नगा," तो नम्रपणानं म्हणाला. "पर चिंच म्हणती, चालंल."

ब्रह्मदेवाला न पुसता येणारी फुली केरबाच्या धोतराला लागली होती. हवालदाराचं तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. करवतीला दोन झाकणं असतात, एवढं सांगितलं की शेंदूर, नारळ, कौल सगळं तिथल्या तिथं आटोपलं असतं. त्यानं वर बघितलं. आडव्या फांदीला कप्पी लोंबत होती, आणि कप्पीला कालच उचललेलं इंजिन.

त्यानं ते वाक्य गिळलं. घशाला लागलं, पण गिळलं.

"चिंचंला सांग," तो म्हणाला, "चालणार आसंल तर बशीव म्हणावं तूच."

केरबानं मान डोलावली आणि पिस्टन उचलून तो खरोखरच चिंचेकडं सांगायला गेला.